वास्तुविशारदांच्या संघटना कोणाशी बोलतात?

सावेडी, केडगाव किंवा बोल्हेगाव या अहिल्यानगर शहराच्या वाढत्या उपनगरांत एखाद्याने दीड-दोन गुंठ्यांचा प्लॉट घेतला आणि घर बांधायचे ठरविले, की तो प्रथम कोणाला विचारतो? बहुधा ओळखीच्या ठेकेदाराला, नाहीतर शेजाऱ्याचे घर ज्याने बांधले त्या मिस्त्रीला. त्यानंतर दिशा सांगणाऱ्या 'वास्तू'तज्ज्ञाची पाळी येते. वास्तुविशारद, म्हणजेच आर्किटेक्ट, या रांगेत शेवटी असतो आणि त्याच्याकडे जाण्याचे कारणही ठरलेले असते: 'नकाशा पास करून आणायचा आहे'. घरात उजेड कोठून यावा, वारा कसा खेळावा, जिना कोठे असावा, पुढे मजला चढवायचा झाल्यास पाया पुरेल का, हे सारे तोवर मिस्त्रीच्या अनुभवावर आणि यजमानाच्या हौसेवर ठरून गेलेले असते. उरते ती केवळ सही.

या स्थितीबद्दल वास्तुविशारद मंडळी खंत व्यक्त करतात, ती खोटी नाही. परंतु समाजाला आपल्या व्यवसायाची ओळख नाही, अशी तक्रार करताना ही ओळख करून देण्याचे काम कोणाचे, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. या प्रश्नाचे उत्तर व्यवसायाच्या आचारसंहितेतच दडलेले आहे. १९७२ च्या आर्किटेक्ट कायद्याखाली १९८९ मध्ये व्यावसायिक वर्तनाचे जे नियम झाले, त्यांनी नोंदणीकृत वास्तुविशारदाला आपल्या सेवेची जाहिरात करण्यास मनाई केली. पत्ता बदलल्याची सूचना त्याला तीन वेळा प्रसिद्ध करता येते. कार्यालयाबाहेर आणि स्वतः आखलेल्या इमारतीवर नाव लावता येते. मात्र त्या नावाची अक्षरे दहा सेंटिमीटरहून उंच असता कामा नयेत. त्याच्या कामाची छायाचित्रे वर्तमानपत्रात येऊ शकतात, पण त्यासाठी पैसे देता-घेता येत नाहीत. डॉक्टर आणि वकील यांच्याप्रमाणेच हा व्यवसायही बाजारापासून काही अंतरावर राहावा, हा त्यामागील हेतू योग्यच होता. त्याचा परिणाम मात्र असा झाला, की सिमेंट, टाइल्स, रंग आणि गृहप्रकल्प यांच्या फलकांनी नगर-पुणे रस्ता भरून गेलेला असताना, घर कसे असावे याचे शिक्षण घेतलेला माणूस तेवढा गप्प असतो. व्यक्तीला बोलता येत नसेल तर बोलायचे कोणी? अर्थातच संघटनेने. म्हणूनच वास्तुविशारदांची संघटना हा केवळ त्या व्यवसायाचा घरगुती मामला राहत नाही.

येथे दोन संस्थांमधील फरक स्पष्ट केला पाहिजे, कारण सुशिक्षितांचाही त्यात गोंधळ होतो. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर ही १९७२ च्या कायद्याने अस्तित्वात आलेली वैधानिक संस्था आहे. तिच्याकडे नोंदणी झाल्याखेरीज कोणालाही 'आर्किटेक्ट' ही उपाधी लावता येत नाही. देशभरात अशी नोंदणी असलेल्यांची संख्या आज एक लाखाच्या वर गेली आहे. नोंदणीकृत व्यक्तीने गैरवर्तन केल्यास नागरिकाला कौन्सिलकडे तक्रार करता येते आणि दोष सिद्ध झाल्यास ताकिदीपासून नोंदवहीतून नाव वगळण्यापर्यंतची शिक्षा होऊ शकते. दुसरीकडे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स आणि गावोगावच्या स्थानिक संघटना या स्वेच्छेने चालणाऱ्या आहेत. त्यांचे सदस्य व्हावे असे बंधन कोणावर नाही. लहान शहरांत तर आर्किटेक्ट, सिव्हिल इंजिनिअर आणि सर्व्हेअर हे बहुधा एकाच छत्राखाली एकत्र येतात. नगररचना विभागाच्या दाराशी तिघांचीही कामे एकाच फाइलमध्ये अडकलेली असतात, हे त्याचे व्यावहारिक कारण.

त्यातच २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर विरुद्ध मुकेश गोयल या प्रकरणात दिलेल्या निकालाने एक गोष्ट निर्विवाद केली. कायद्याचे संरक्षण आहे ते 'आर्किटेक्ट' या उपाधीला. इमारतींची रचना करण्याच्या कामावर नोंदणीकृत वास्तुविशारदांची मक्तेदारी नाही. हा निकाल व्यवसायातील अनेकांच्या जिव्हारी लागला. वस्तुतः त्याने जी वस्तुस्थिती अधोरेखित केली, ती जिल्ह्यातील कोणत्याही तालुक्याच्या गावी पूर्वीपासून दिसत होती. काम मिळते ते विश्वासावर, आणि विश्वास कमवायचा असेल तर लोकांशी बोलावे लागते.

या संघटनेला हे ठाऊक नव्हते असे नाही. १९१७ साली मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयातून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन जी लहानशी मंडळी स्थापन केली, तिचे पहिले अध्यक्ष होते गेटवे ऑफ इंडियाचे शिल्पकार जॉर्ज विटेट. १९२९ मध्ये या मंडळीने इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स हे नाव घेतले. १९३४ पासून तिची नियतकालिक पत्रिका निघू लागली. परंतु आजच्या दृष्टीने अधिक लक्षणीय आहे ते १९३७ साली मुंबईच्या टाउन हॉलमध्ये तिने भरविलेले 'आदर्श घर' प्रदर्शन. चाळीतून फ्लॅटमध्ये येऊ पाहणाऱ्या मध्यमवर्गाला नव्या घराची मांडणी, स्वयंपाकघर, न्हाणीघर, विजेची उपकरणे, फर्निचर हे सारे प्रत्यक्ष पाहता यावे, ही त्यामागची कल्पना. यात सिमेंट व उपकरणे विकणाऱ्या कंपन्यांचा हात होता, हे खरेच. तरीही ते प्रदर्शन भरले होते लोकांसाठी. त्याच काळात पुण्याचे र. स. देशपांडे यांनी मध्यमवर्गीयांना परवडतील अशा घरांवर नकाशांसह पुस्तके लिहिली. १९३९ सालचे त्यांचे 'मॉडर्न आयडियल होम्स फॉर इंडिया' हे पुस्तक त्यांपैकीच एक. देशपांडे हे अभियंता होते, वास्तुविशारद नव्हेत. घर बांधणाऱ्या सामान्य माणसाच्या हातात नकाशा ठेवण्याचे श्रेय असे शेजारच्या व्यवसायाकडे गेले.

आज राज्यभरातील अशा संघटनांच्या बातम्या पाहिल्या, तर त्यांचा वार्षिक क्रम साधारण सारखाच आढळतो. पदग्रहण समारंभ, पंधरा सप्टेंबरचा अभियंता दिन, ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारचा जागतिक वास्तुकला दिन, एखादा अभ्यासदौरा, क्रिकेटची स्पर्धा, आणि वर्षभर कोणत्या ना कोणत्या कंपनीच्या सौजन्याने होणारी 'टेक्निकल प्रेझेंटेशन'. ज्यांचा माल आपण यजमानाला सुचवायचा, त्यांच्याच खर्चाने जेवायचे, यात काही विसंगती आहे असे फारसे कोणाला वाटत नाही. कमिशन घेऊ नये असे आचारसंहिता सांगते. संघटनेच्या रात्रीच्या भोजनाबद्दल ती काही म्हणत नाही, इतकेच!

मात्र सदस्यांसाठी होणारे सारेच काम या प्रकारचे नाही. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई व काही अपवाद वगळता जवळजवळ संपूर्ण राज्याला लागू होणारी एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर, आली आणि महापालिका, नगरपालिका, प्रादेशिक योजना यांच्या वेगवेगळ्या नियमांचे जंगल एका फटक्यात नाहीसे झाले. त्याबरोबरच ऑनलाइन परवानगीची पद्धत आली. चटई क्षेत्र, सामासिक अंतरे, प्रीमियम, टीडीआर यांचे नवे हिशेब शिकणे भाग पडले. अशा वेळी एखाद्या अकोल्यात किंवा जामखेडमध्ये एकट्याने काम करणाऱ्या माणसाला संघटनेची कार्यशाळा हाच आधार असतो. अहिल्यानगर जिल्ह्याचा विस्तार ध्यानात घेतला पाहिजे. सतरा हजार चौरस किलोमीटरहून अधिक क्षेत्र आणि चौदा तालुके असलेला हा क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा. संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगाव ही गावे बाजारपेठ म्हणून नाशिककडे अधिक पाहतात, तर पारनेर, श्रीगोंदा पुण्याकडे. सारे कार्यक्रम जिल्ह्याच्या ठिकाणीच होत राहिले, तर तालुक्यातील सदस्य वर्गणी भरण्यापुरताच सदस्य राहतो आणि हळूहळू तेही सोडून देतो.

अशा एकट्या पडलेल्या सदस्याची खरी अडचण नियमांची नसून मोबदल्याची असते. कौन्सिलने कामाच्या अटी आणि शुल्काचे कोष्टक फार पूर्वीच घालून दिले आहे. प्रत्यक्षात लहान गावात ते कोष्टक दाखविणाऱ्याला काम मिळत नाही. शेजारचा कमी पैशांत नकाशा करतो, त्याच्याहून कमी पैशांत तिसरा केवळ सही देतो. दुसऱ्याने काढलेल्या नकाशावर जागा न पाहता सही करून देणे हा या व्यवसायातील उघड बोलला जाणारा, पण व्यासपीठावर न उच्चारला जाणारा विषय आहे. सदस्यांना एकत्र बांधायचे असेल, तर संघटनेने सर्वप्रथम या विषयाला हात घातला पाहिजे. तो टाळून भरविलेली संमेलने कितीही रंगली, तरी ती सदस्यांच्या खऱ्या प्रश्नापासून दूरच राहतात.

कारण या सहीचे वजन आता पूर्वीसारखे राहिलेले नाही; ते वाढले आहे. २०२१ च्या प्रारंभी ग्रामविकास विभागाने ग्रामीण भागातील घरबांधणीची परवानगी सोपी केली. सुमारे सोळाशे चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावर मालकीची कागदपत्रे, नकाशे, विकास शुल्क आणि नकाशा नियमानुसार असल्याचे परवानाधारक तंत्रज्ञाचे प्रमाणपत्र ग्रामपंचायतीत दाखल केले की पुरे. त्यापुढे बत्तीसशे चौरस फुटांपर्यंत ग्रामपंचायतीने दहा दिवसांत प्रारंभ प्रमाणपत्र द्यायचे. निर्णय जाहीर करणारे तेव्हाचे ग्रामविकासमंत्री हसन मुश्रीफ हे त्या वेळी या जिल्ह्याचे पालकमंत्रीही होते. हेलपाटे वाचले, ही गोष्ट स्वागतार्हच. परंतु पूर्वी नगररचना विभागाचा एक तरी अधिकारी नकाशावरून नजर फिरवीत असे. आता त्याच्या जागी प्रमाणपत्र देणाऱ्याची सही आहे. शहरांतही हाच कल दिसतो. स्थावर संपदा कायद्याखाली राज्यात २०१७ पासून महारेराचा कारभार सुरू झाला, तेव्हापासून प्रकल्पाच्या खात्यातून विकासकाने पैसे काढायचे तर काम किती झाले याचा दाखला वास्तुविशारदाने द्यावा लागतो. म्हणजे फ्लॅट घेणाऱ्याच्या पैशांची एक किल्ली त्याच्या हाती आहे. शासनाने आपले ओझे खासगी व्यावसायिकाच्या खांद्यावर दिले, आणि त्या खांद्याची ताकद तपासण्याची यंत्रणा मात्र उभी राहिली नाही. ती उभारण्यात संघटनांनी पुढाकार घेतला नाही, तर एखाद्या दुर्घटनेनंतर शासन आपल्या पद्धतीने ती उभारील.

दुर्घटनेचा उल्लेख आला म्हणून सांगायचे. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी, ऐन भाऊबीजेच्या दिवशी, नगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागाला आग लागली आणि त्या दिवशी कोविडचे अकरा रुग्ण मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी जानेवारीत भंडारा जिल्हा रुग्णालयात दहा नवजात बालके दगावली होती आणि त्यानंतर राज्यभर रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले होते. दहा महिन्यांनी नगर. चौकशी, निलंबन, गुन्हे हा जो क्रम चालायचा तो चालला. जबाबदारी कोणाची हे ठरविण्याचे स्थान न्यायालय आहे. पण इमारतींचे शिक्षण घेतलेल्या मंडळींना त्या प्रसंगी लोकांना सांगण्यासारखे बरेच होते. रुग्ण उठून चालू शकत नाहीत अशा विभागाला बाहेर पडण्याचे किती मार्ग हवेत, वातानुकूलनासाठी खिडक्या बंद केल्या की धूर कोठे जातो, प्राणवायूने भारलेल्या खोलीत आग किती झपाट्याने पसरते, छताखालच्या सजावटीच्या साहित्याचा धूर किती घातक असतो, या गोष्टी शिवणकामाच्या क्लासपासून मंगल कार्यालयापर्यंत प्रत्येक जागेशी निगडित आहेत. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने दरवर्षी जानेवारी आणि जुलै अशा दोन वेळा अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र सादर करावयाचे असते. शहरातील किती शिकवणीवर्ग, किती लहान दवाखाने, किती हॉटेले यांच्या चालकांना ही तरतूद माहीत असेल? जानेवारी आणि जुलैमध्ये संघटनेने कंपन्यांच्या प्रेझेंटेशनऐवजी हाच एक कार्यक्रम शहरातील दोन-चार वस्त्यांत केला, तरी त्याचे मोल मोठे ठरेल.

यापेक्षा अवघड, आणि म्हणून अधिक महत्त्वाचे क्षेत्र आहे ते शहराच्या विकास आराखड्याचे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मधील कलम २६ प्रमाणे प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर नागरिकांना हरकती व सूचना मांडण्यासाठी तीस दिवस मिळतात. त्यावर सुनावणी घेणाऱ्या नियोजन समितीत कलम २८ प्रमाणे स्थायी समितीच्या तीन सदस्यांबरोबर नगरनियोजन किंवा पर्यावरण यांची विशेष जाण असलेल्या चार जणांपर्यंत व्यक्ती नेमता येतात. तीस दिवसांत सामान्य माणूस आराखड्याचे पत्रक पाहून आपल्या प्लॉटवर आरक्षण पडले आहे की नाही, एवढेच शोधतो. शाळेची जागा कोठे गेली, ओढ्याचे पात्र रस्त्याखाली कसे गडप झाले, हे त्या रंगीत नकाशातून वाचणे त्याच्या आवाक्यातले नसते. मुंबईचा विकास आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा अर्बन डिझाइन रिसर्च इन्स्टिट्यूटसारख्या संस्था आणि अनेक वास्तुविशारद यांनी त्यातील चुका लोकांसमोर आणल्या. गदारोळ इतका वाढला की त्याच वर्षी एप्रिलमध्ये राज्य सरकारला तो नव्याने करण्याचे आदेश द्यावे लागले. पुण्यात २०१३ च्या प्रारूप आराखड्यावर सुमारे सत्त्याऐंशी हजार हरकती आल्या होत्या. या दोन्ही ठिकाणी नकाशा वाचून दाखविणारे कोणी तरी होते.

नगरची महापालिका २००३ साली स्थापन झाली. सीना नदीकाठच्या पूररेषा, गुंठेवारीतील घरे, औद्योगिक वसाहतीभोवती वाढलेल्या वस्त्या हे येथील नियोजनाचे जुने प्रश्न आहेत. गुंठेवारी कायद्यात २०२१ साली दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामे नियमित करण्याचा मार्ग खुला झाला. हा मार्ग कोणाला लागू, पूररेषेच्या आतील घराचे काय, खर्च किती, याची उत्तरे मिळविण्यासाठी लोक एजंटाकडे जातात.

मग वास्तुविशारद का बोलत नाहीत? त्यांना समाजाची पर्वा नाही, असे म्हणणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. ज्या नगररचना विभागात आपल्या पाच फाइली पडून आहेत, त्या विभागाच्या आराखड्याविरुद्ध स्वतःच्या नावाने हरकत घेणे कोणालाही परवडत नाही. शिवाय ज्यांच्या जमिनीवरील आरक्षण उठले, त्यांच्यापैकीच कोणीतरी आपले यजमान असतात. हा हितसंबंधांचा पेच खरा आहे आणि तो व्यक्तीच्या पातळीवर सुटणारा नाही. संघटनेच्या शिक्क्याखाली, अभ्यास करून, कोणा एकाच्या नावाला न चिकटलेले निवेदन देता येते. मतभेद असतील तर तेही त्यात नोंदविता येतात. दुर्दैवाने संघटनेचे पदाधिकारीही बहुधा सर्वांत व्यग्र व्यावसायिकच असतात. त्यामुळे शिष्टमंडळे जातात ती 'परवानगीचे संकेतस्थळ संथ चालते', 'फाइली तुंबल्या आहेत' अशा मागण्या घेऊन. त्या मागण्या रास्त आहेत, पण त्यांत नागरिकाला आपला आवाज ऐकू येत नाही. निवृत्त झालेले ज्येष्ठ सदस्य आणि अध्यापन करणारे सदस्य यांच्यावर ना फाइलीचे दडपण असते ना यजमानाचे. आराखड्याचे काम त्यांच्या समितीकडे दिल्यास हा पेच बराचसा सैल होऊ शकेल.

वारशाच्या बाबतीत मात्र बोलण्यात कोणतीच जोखीम नाही, तरीही तेथे शांतताच आहे. १४९० मध्ये निजामशाहीच्या संस्थापकाने वसविलेल्या या शहराजवळच्या डोंगरावर जी अष्टकोनी वास्तू दिसते, तिला सारे नगरकर 'चांदबिबीचा महाल' म्हणतात. ती वस्तुतः निजामशाहीचा मंत्री सलाबतखान याची कबर आहे. दमडी मशीद, फराहबाग, बागरोजा ही सारी संरक्षित स्मारके असल्याने २०१० च्या दुरुस्तीनुसार त्यांच्यापासून शंभर मीटरच्या आत नवे बांधकाम करता येत नाही आणि पुढील दोनशे मीटरमध्ये राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या यंत्रणेची पूर्वपरवानगी लागते. हा नियम घर दुरुस्त करायला निघालेल्या माणसाला पाया खोदल्यानंतर कळतो. त्याच्या मनात स्मारकाविषयी आपुलकी निर्माण होण्याऐवजी राग निर्माण होतो, याचे नवल वाटायला नको.

ब्रिटनमध्ये तेथील रॉयल इन्स्टिट्यूटने 'शेल्टर' या बेघरांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या सहकार्याने एक योजना राबविली होती. घरमालकाने संस्थेला देणगी द्यावी आणि त्या बदल्यात एका वास्तुविशारदाने तासभर त्याच्या घरी येऊन सल्ला द्यावा. सल्ला लहानसा, पण त्यातून अनेकांना आर्किटेक्ट नेमका काय करतो हे प्रथमच कळले. आपल्याकडे याचे रूप निराळे असेल. महिन्यातील एका शनिवारी नगरला, पुढच्या महिन्यात संगमनेरला, नंतर श्रीरामपूरला, नगरपालिकेच्या वाचनालयात दोन सदस्यांनी बसावे आणि सातबारा व कच्चा नकाशा घेऊन येणाऱ्याला सांगावे, की सामासिक अंतर किती सोडायचे, जिना बाहेरून काढता येईल का, मातीची तपासणी कोठे होते, आर्किटेक्टशी लेखी करार कसा करायचा आणि त्याने काम नीट केले नाही तर तक्रार कोणाकडे करायची. शेवटचा मुद्दा सदस्यांना रुचणार नाही, पण त्यावाचून उरलेल्या सल्ल्यावर लोकांनी विश्वास का ठेवावा? पाटी संघटनेची असल्याने जाहिरातबंदीचा नियम आड येण्याचे कारण नाही. त्या दिवशी आलेला यजमान सल्ला देणाऱ्यांनी स्वतःकडे वळवायचा नाही, एवढा दंडक मात्र संघटनेला आपल्या सदस्यांवर काटेकोरपणे घालावा लागेल.